मास्तरांचा कान आणि निकासियाबाईंची जीभ

सेवेरो कोल्के यांचं दुकान पोतोसीच्या वरच्या आळीत, खाणीकडे जाणाऱ्या चढावर आहे. दुकान म्हणजे एक दार, एक खिडकी आणि मधे एक टेबल. खनिज विकत घेणाऱ्यांचे तराजू तिथे दुरुस्तीला येतात. चढ चढून आलेला माणूस आधी दम खातो, मग तराजू खाली ठेवतो. पन्नास वर्षांच्या वर मास्तर हेच काम करत आले. पण तराजूवाले कोल्के कुठे राहतात असं विचारलं, तर आमच्याकडे लोक जरा विचारात पडतात. कानवाले मास्तर म्हटलं की लगेच बोट दाखवतात.

कोल्के म्हणजे आमच्या केचुआ बोलीत चांदी. मास्तर स्वतः हे कधी सांगत नाहीत. दुसऱ्या कुणी सांगितलं, तर मात्र मान खाली घालून हसतात, आणि त्याने पुन्हा एकदा सांगावं म्हणून थोडा वेळ गप्प राहतात.

त्यांच्याजवळ चांदीची जुनी एकशे बारा नाणी आहेत. खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्यांत, फडक्यात गुंडाळून ठेवलेली. शिवाय एक तंबाखूची डबी आहे. तिच्यात खोटी नाणी. कुठे शिसं आत आणि चांदीचा मुलामा वर, कुठे साच्यात ओतलेलं, कुठे काठावर कानस फिरवून सांधा लपवलेला. प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी: कुणी आणलं, वजन किती, खोट कशात होती. नवशिक्या माणसाला मास्तर आधी ही डबी दाखवत. "खरं ओळखायचं असेल तर खोट्याशी ओळख ठेवा," असं म्हणत.

पण त्यांचा भरवसा कानावर. मास्तर डावखुरे. उजव्या हाताच्या बोटाच्या टोकावर नाणं तोलायचं, डाव्या हातातल्या दुसऱ्या नाण्याने त्याच्या कडेला हलकेच टिचकी द्यायची, आणि डोळे मिटायचे. चांदी वाजली की तिचा आवाज लगेच संपत नाही, बारीक होत होत दूर जातो. खोटं नाणं जागच्या जागी बसतं. "बद्द," मास्तर म्हणत, आणि विषय संपे.

वर्षानुवर्षं विषय असाच संपत होता. मग निकासिया वाराची आल्या.

निकासियाबाई बाजारात सुकवलेले बटाटे विकत. नवरा गेल्यावर त्यांनी गोणीशेजारी एक फडकं पसरलं आणि त्यावर जुने चमचे, शालीच्या टाचण्या, चांदीची नाणी मांडली. लिहिणं वाचणं जेमतेम. भिंगही नाही, तराजूही बटाट्यांचा. गिऱ्हाइकाने नाणं दिलं की त्या ते सरळ तोंडात घालत. कोकाची पानं धरतात तसं गालात धरत, आकाशाकडे बघत, आणि घागऱ्याला पुसून परत देत. "हे चांगलं." किंवा "हे तुमच्या सासूला द्या."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नाण्यांच्या नादाची सहासात माणसं दर रविवारी सकाळी साल्तेन्या, म्हणजे सारण भरलेल्या करंज्या, खायला एका खानावळीत जमतात. तिथे मास्तरांनी आपलं सगळ्यात लाडकं नाणं दाखवायला नेलं होतं. सुक्रेच्या एका म्हाताऱ्याला आपली पाच चांगली नाणी देऊन त्यांनी ते एक घेतलं होतं. निकासियाबाई एक चमचा विकायला तिथे आल्या होत्या.

"बघू, मास्तर?" म्हणाल्या, आणि कुणी हो म्हणायच्या आत नाणं गालात.

"अहो, खाऊ आहे का तो?" मास्तर म्हणाले. सगळे हसले.

बाईंनी नाणं बाहेर काढलं, पुसलं आणि फार हळू टेबलावर ठेवलं. "मास्तर, ह्याला किल्लीची चव आहे."

"माझ्या कानाला तर छान वाजतं."

"किल्लीपण छान वाजते," बाई म्हणाल्या.

पुन्हा सगळे हसले. पण आता कुणाबरोबर हसले ते मास्तरांना कळलं.

त्यांनी वाद घातला, बाजारात बसून नाणी कळत नसतात असंही बोलले. घरी येऊन मात्र नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात सोडलं, पाण्यात तोललं, बाहेर तोललं, तीनदा हिशेब केला. बाई बरोबर होत्या. आतला धातू हलका आणि कडक होता, म्हणून तर नाणं वाजत होतं. मास्तरांनी ते तंबाखूच्या डबीत टाकलं. बरोबर चिठ्ठी ठेवली नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांची बायको लेओकादिया हिने पाहिलं होतं, पण तिनेही विचारलं नाही.

त्या दिवसापासून ती किल्ली मास्तरांच्या डोक्यातून जाईना.  ते बाजाराच्या मागच्या दाराने जाऊ लागले, म्हणजे बाईंचं फडकं वाटेत लागणार नाही. तरी मान वळेच. फडक्यापाशी कोण उभं आहे? तो ला पासचा चष्मेवाला गिऱ्हाईक, जो दरवर्षी आधी आपल्याकडे यायचा? तो आपल्याकडे आला खरा, पण नाणं दाखवून म्हणाला, "मास्तर, तुमचं मत घेतलं. आता बाईंना एकदा चाखायला देतो." चाखायला! मास्तरांनी त्याला चहाही विचारला नाही.

कधीकधी दुकानात कुणी नसताना ते स्वतः नाणं जिभेवर ठेवून बघत. चांदीचं, तांब्याचं, शिशाचं. सगळ्यांची चव एकच: काही नाही. एकदा लेओकादियाने पाहिलं.

"भूक लागली असेल तर सूप आहे," ती म्हणाली.

"कामाचं आहे."

"असेल. दार लावून करा. लोक म्हणतील, कानवाले मास्तर आता चांदी खायला लागले."

आता कान्देलारिया मातेच्या उत्सवाचं सांगायला हवं. फेब्रुवारीच्या दोन तारखेला मिरवणूक निघते. तिच्यापुढे एक गाडी असते. गाडीच्या तोंडावर विणलेलं जाड वस्त्र घालतात आणि त्यावर चांदीची दोनशे नाणी शिवतात. नाणी घराघरातून येतात. कुणाचं एक, कुणाची दहा. फार पूर्वी एका वर्षी त्यांत खोटी नाणी सापडली आणि त्याच वर्षी गारांनी बटाटा झोडपला. तेव्हापासून प्रत्येक नाणं आधी पारखतात. खरं नाणं उत्सवानंतर लाल दोरा बांधून घरी परत येतं, आणि लोक तो दोरा वर्षभर दारावर ठेवतात. खोटं नाणं उत्सवाआधीच परत येतं, कागदात गुंडाळून. कुणी काही बोलत नाही. कागद पुरेसा असतो.

ही पारख एकतीस वर्षं मास्तरांकडे होती.

यंदा उत्सवाचा मान पोर्फिरिओ यानोस या ट्रकवाल्याकडे होता. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. तो दुकानात आला, दम खाल्ला आणि म्हणाला, "मास्तर, शनिवारी या हं अंगणात. बायकोने निकासियाबाईंनापण बोलावलंय. दोघांनी बघितलं म्हणजे कामपण लवकर उरकेल."

"काम लवकर उरकायला मी काय बटाटे सोलतो?"

"तसं नाही हो, मास्तर."

"कानाला जीभ कशाला लागते?"

"बोलायला!" पोर्फिरिओ म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला. मास्तर हसले नाहीत.

शनिवारी ते गेले. अंगणात टेबल, टेबलावर नाण्यांची टोपली, प्रत्येक नाण्याला घराच्या नावाची चिठ्ठी. निकासियाबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला, शेजारी आपी म्हणजे जांभळ्या मक्याच्या गरम पेयाचा पेला. प्रत्येक नाण्यानंतर त्या आपीची चूळ भरत आणि गिळून टाकत. सात आठ बायका सुया घेऊन बसलेल्या, त्यांत लेओकादियाही.

मास्तरांची रीत अशी की आधी आवाज, मग वजन, मग काठ, मग लोहचुंबक, मग भिंग. ही पाचही त्यांनी शेकडो लोकांना शिकवली होती. पहिल्याबद्दल तर ते आवर्जून सांगत, "बद्द वाजलं म्हणजे खोटंच, असं समजू नका. चीर असेल, डाग देऊन सांधलेलं असेल. पुढचं बघितल्याशिवाय तोंड उघडू नका."

पण त्या दिवशी पलीकडून बाईंचं "चांगलं... चांगलं... हेपण चांगलं" एवढ्या झपाट्याने येत होतं, की मास्तर भिंग काढायचे आणि तोवर बाईंची तीन नाणी होऊन जायची. बायकांच्या सुया बाईंच्या ढिगाकडे वळलेल्या. मग मास्तरांनी भिंग खिशात ठेवलं. कान पुरे, म्हणाले मनाशी. कान सगळ्यांत झपाट्याचा.

साठसत्तर नाण्यांनंतर एक नाणं आलं. एका बाजूला बोलिव्हारचा चेहरा, दुसऱ्या बाजूला झाड, झाडाखाली बसलेले दोन लामा आणि वर सहा तारे. मास्तरांनी टिचकी दिली. आवाज उठला आणि जागच्या जागी बसला.

त्यांनी पुन्हा वाजवलं. एवढा स्पष्ट बद्द आवाज कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला. ते नाणं त्यांनी बाकावरून बाईंकडे सरकवलं. "बघा बरं हे."

बाईंनी गालात धरलं. या खेपेला जरा जास्त वेळ. भुवई उडाली. मग म्हणाल्या, "चांगलं आहे."

"चांगलं?"

"चांदी आहे, मास्तर. जरा टोचतं, पण चांदी आहे."

"टोचतं म्हणे!" मास्तर उभे राहिले. त्यांनी नाणं बोटावर धरून सगळ्यांना ऐकवलं, टक्, आणि शेजारी एक चांगलं वाजवून दाखवलं. फरक तर सुईवाल्या बायकांनाही कळला. "ऐकलंत? कान आहेत ना तुम्हाला? एकतीस वर्षं मी हे करतो आहे. आता तुम्ही ठरवा, आवाजावर जायचं की लाळेवर."

 पोर्फिरिओ डोकं खाजवत राहिला. मग त्याची बायको पुढे झाली, तिने चिठ्ठी वाचली आणि कागद शोधायला आत गेली.  निकासियाबाईंनी आपीचा घोट घेतला आणि पुढचं नाणं उचललं.

नाणं कुणाचं ते मास्तरांनी पाहिलं नव्हतं. घरी जाताना लेओकादियाने सांगितलं.

"रेमेदिओसचं होतं."

रेमेदिओस काबा पाव भाजायच्या. त्यांच्या घरात चांदीचं असं ते एकच नाणं. उत्सवाच्या वस्त्राला दरवर्षी दुसऱ्यांची नाणी लागायची, त्यांचं कधी गेलं नव्हतं. यंदा त्यांनी पहिल्यांदाच दिलं होतं.

"खोटं ते खोटं," मास्तर म्हणाले. "नाव बघून आवाज बदलत नाही."

"मी कुठे काय म्हटलं?" लेओकादिया म्हणाली. 

सोमवारी सकाळी रेमेदिओस स्वतः दुकानात आल्या. कमरेला पिठाचं फडकं तसंच. टेबलावर त्यांनी कागदाची पुडी ठेवली.

"मास्तर, तुमच्याजवळ खोट्या नाण्यांची डबी आहे म्हणतात. त्यात ठेवा हे. मला घरात नको."

मास्तरांना वाटलं होतं त्या भांडतील. भांडायला ते तयार होते. "तुमचंच आहे ते. राहू द्या," ते म्हणाले.

"आजी शालीला लावायची. काल नणंद म्हणाली, आजीने खरं विकून खोटं लावलं असेल. आजीबद्दल असं घरात ऐकायचं म्हणजे..." त्या थांबल्या. "उद्या मिरवणुकीला पाव पाठवीन. मी नाही यायची. जाते."

त्या गेल्या. मास्तरांनी तंबाखूची डबी काढली. डबीतल्या प्रत्येक नाण्याबरोबर चिठ्ठी हवी, चिठ्ठीवर वजन हवं. म्हणून केवळ सवयीने त्यांनी नाणं तराजूत टाकलं. काटा खऱ्या नाण्याच्या वजनावर, केसभर अलीकडे, थांबला.

मास्तरांनी काटा बोटाने हलवला. पुन्हा तिथेच.

मग काठ पाहिला. काठ सुरेख होता, एकशे बारा नाण्यांत असा दुसरा नसेल. लोहचुंबक. काही नाही. शेवटी भिंग. झाड, लामा, सहा तारे. एक तारा किंचित उजवीकडे कललेला. त्याच्याभोवती, नीट पाहिलं तरच दिसेल अशी, केसाएवढी गोल रेघ.

आजी शालीला लावायची. शालीला लावायचं म्हणजे भोक पाडावं लागतं.

भोक बुजवलं होतं. चांदीचा इवलासा तुकडा, कथलाचा डाग, आणि वर नवा तारा कोरलेला. कथलाचा डाग म्हटलं की आवाज बसणारच. चीर असेल, डाग असेल, पुढचं बघितल्याशिवाय तोंड उघडू नका.

त्या कललेल्या ताऱ्याकडे मास्तर बराच वेळ पाहत राहिले. डावखुऱ्या माणसाच्या हातून कोरणी उजवीकडे कलते. या आळीत, त्या काळी, भोक बुजवून तारा कोरणारा डावखुरा शिकाऊ उमेदवार एकच होता. अठराव्या वर्षी, आपल्या उस्तादाच्या दुकानात, त्याने अशी कितीतरी नाणी बुजवली होती. उस्ताद म्हणायचे, तारा सरळ काढ रे. तो कधीच सरळ आला नाही.

शरम वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्या आधी जे वाटलं ते असं: आपलं एवढं चांगलं काम, आपल्याला दिसलं नाही, साऱ्या अंगणाला दिसलं नाही, आणि त्या बाईच्या जिभेला सापडलं. जरा टोचतं म्हणे! कथील आणि चांदी ओल्या जिभेला एकदम लागली की टोचतात. तिला काय ठाऊक ते. तिला नुसतं टोचतं. परमेश्वराने असली जीभ बटाटेवालीला द्यावी!

"लेओकादिया," त्यांनी आत हाक मारली. "कागदातून परत गेलेलं नाणं पुन्हा वस्त्रावर कसं जातं?"

ती हात पुसत बाहेर आली. टेबलावरचा कागद, तराजू, भिंग, सगळं तिने पाहिलं. "माझी आई सांगायची. ज्याने परत पाठवलं त्याने ते उघड्या तळहातावर घेऊन जायचं. मूठ मिटायची नाही. असं कुणी केलेलं मी पाहिलं नाही बाई."

"पोर्फिरिओला गुपचूप दिलं तर?"

"मग त्याला माहीत, तुम्हाला माहीत. रेमेदिओसच्या नणंदेला कसं कळायचं?"

मास्तरांनी टोपी घातली.

दुकानापासून पोर्फिरिओच्या अंगणापर्यंत उतार आहे, पण त्या दिवशी तो चढापेक्षा लांब झाला. तळहातावर नाणं, हात पुढे, जसा काही पाऊस पडतोय का ते बघतो आहे. न्हावी दारात आला. खाणीवरून परतणारी माणसं थांबली. कुणीतरी विचारलं, "मास्तर, भीक मागताय की देताय?" मास्तरांनी मूठ मिटली नाही. रेमेदिओस यांच्या भट्टीवरून जाताना त्यांनी आत पाहिलं नाही, पण पावलं हळू केली. मागे दार वाजलं. कुणीतरी बाहेर येऊन उभं राहिलं होतं.

अंगणात बायका शिवत होत्या. निकासियाबाईही सुई घेऊन बसल्या होत्या. मास्तरांनी वाटेत वाक्य जुळवलं होतं: नाणं खरं आहे, माझी चूक झाली, बाई बरोबर होत्या. तीन तुकडे. पहिले दोन नीट आले.

"नाणं खरं आहे. माझी चूक झाली." मग तिसरा येईना. "त्याला भोक होतं. ते बुजवलेलं आहे. आणि बुजवलंय ते... ते साधंसुधं काम नाही. कुणाच्या बापाला दिसलं नसतं. तारा नवा कोरलाय. बघा, भिंगातून बघा! चोपन्न वर्षं कुणाला कळलं नाही!"

"कुणी केलं हो एवढं छान?" पोर्फिरिओच्या बायकोने विचारलं.

"मी," मास्तर म्हणाले.

 मग निकासियाबाईंनी सुई खाली ठेवली. "थांबा. म्हणजे मास्तर, तुम्ही स्वतःच्याच हाताचं काम खोटं म्हणून परत पाठवलंत?"

अंगण असं हसलं, की शेजारच्या घरातली माणसं भिंतीवरून बघायला लागली. मास्तर तळहात पुढे करून उभे. कानाच्या पाळ्या लाल.

"आणि तुम्हाला कळलं होतं," ते बाईंना म्हणाले. हाच तिसरा तुकडा, पण तक्रारीसारखा आला.

"टोचलं की," बाई म्हणाल्या. "पण काम कुणाचं तरी छान आहे असं वाटलं. खडबडीत काही लागलं नाही जिभेला. कुठलंही नवं काम मी गालात धरलं तर ओरखडा येतो." त्यांनी मास्तरांच्या हातावरून नाणं उचललं. "आणा, मीच शिवते."

मास्तरांना ते आवडलं की नाही, त्यांना स्वतःलाच सांगता आलं नसतं. छान म्हणाली. पण तिने म्हटलं म्हणून छान ठरलं, हे बरं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी उतारावरून हळूहळू निघाली. दोनशे नाणी धक्क्याधक्क्याला किणकिणत होती. रेमेदिओस यांनी पाव स्वतः आणले होते, पिठाचं फडकं न सोडता. त्यांची नणंद शेजारी उभी होती आणि काही बोलत नव्हती. मास्तर कडेला, डोळे मिटून. दोनशे आवाजांच्या खाली एक बसका आवाज होता. टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्. तो दुसऱ्या कुणाला ऐकू येणं शक्य नव्हतं.

"काय ऐकताय?" शेजारून निकासियाबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"आमचं नाणं वाजतंय का?"

आमचं! मास्तरांनी डोळे उघडले. "माझं नाणं," ते म्हणाले. "आणि वाजत नाहीये. बद्द आहे. जीभ नाही लागत त्याला, कान लागतो."

बाईंनी घागऱ्याच्या खिशातून भाजलेल्या मक्याचे दाणे काढले आणि थोडे त्यांच्यापुढे धरले. मास्तरांनी जरा वेळ लावला. मग घेतले, एक तोंडात टाकला.

"खारट आहेत," ते म्हणाले.

"नाहीत," निकासियाबाई म्हणाल्या.